दोन-दोन डॉलरचे शुक्रवार

२००४ साल, आणि मला त्रेपन्नावं लागलेलं. दुबईत येऊन अकरा वर्षं झाली होती. मरीनाच्या बाजूला तेव्हा एकामागून एक टॉवर उठत होते, त्यातल्या एकाच्या गिलाव्याचं काम माझ्याकडे होतं. हाताखाली बावीस माणसं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही अर्धी. परीक्षेच्या दिवशी बापाबरोबर चिरे वाहायला गेलो तो परत शाळेत गेलोच नाही. पण भिंत सरळ आहे की नाही हे मी ओळंबा न लावता सांगतो, आणि इंजिनियर नाही म्हणाला तर ओळंबा लावून दाखवतो. एवढ्यावरून माझा स्वभाव कळला असेल.

त्या वर्षी मी इंटरनेटवर पत्ते खेळलो. पोकर. त्या वयात आणि त्या शिक्षणावर. घरात अजून कुणाला ते खरं वाटत नाही. नातू तर तोंडावर म्हणतो, "आजोबा, यू आर जोकिंग." मी जोकिंग करत नाही. झालं ते असं.

राहायला आम्ही अल कुसैसला होतो. एका खोलीत तीन खाटा. एक माझी. दुसरी रत्नागिरीकडच्या एका ड्रायव्हरची. तो बेकरीची व्हॅन चालवायचा. माझ्याच वयाचा, पाच वेळा नमाज पढणारा आणि तोंडाचा फटकळ. तिसरी एका ड्राफ्ट्समनची. साताऱ्याकडचा पोरगेला माणूस, एकोणतीस वर्षांचा, देरातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसात नकाशे काढायचा. खोलीतला कॉम्प्युटर त्याचा, सेकंडहँड घेतलेला. बँकेचं क्रेडिट कार्डही तिघांत त्याच्या एकट्याकडे. मला तो काका म्हणायचा. ड्रायव्हर मला मिस्त्री म्हणायचा, आणि चिडवायचं असलं की मिस्त्रीसाहेब.

ड्राफ्ट्समनचं लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि त्यातले बावीस दिवस तो बायकोजवळ होता. तिला महिनाभर व्हिजिटवर आणायचं चाललं होतं. ओळखीचं एक कुटुंब उन्हाळ्यात गावी जाणार होतं, त्यांची खोली महिनाभर रिकामी राहणार होती, ती याला देऊ केली होती. दर गुरुवारी फोनवर तेच. येताना काय आण, कुठली साडी आण, इथे उकाडा किती. मग एकाएकी ते बोलणं थांबलं. नुसतं "बघू, बघू" सुरू झालं.

दोन गुरुवार मी ऐकून घेतलं. तिसऱ्या गुरुवारी त्याने फोन ठेवल्यावर विचारलं, "काय रे, बायको नकोशी झाली का?"

"कार्ड भरलंय काका."

"कशाने?"

त्याने हनुवटीने कॉम्प्युटर दाखवला.

दोन महिन्यांत तो त्या पोकरमध्ये सहाशे डॉलर हरला होता. बाविशे दिरहम. म्हणजे सव्वीस हजार रुपये! कार्डावरून भरायचे, हरायचे, आणि हरलेले काढायला पुन्हा भरायचे. आता कार्डाची मर्यादा संपली होती. खेळाच्या खात्यात पन्नास डॉलर उरले होते आणि ते एकदम मोठ्या टेबलावर लावायचा त्याचा बेत होता. पी हळद आणि हो गोरी. बायकोच्या व्हिसा-तिकिटाचे दोन हजार दिरहम बॅगेत वेगळ्या पाकिटात होते, त्याला अजून हात लावला नव्हता. पण त्याची नजर बोलता बोलता दोनदा त्या बॅगेकडे गेली, ती मी पाहिली.

मी चांगल्या चार शिव्या देणार होतो. पण तो खाटेच्या कडेवर मान खाली घालून बसला होता आणि पायाच्या अंगठ्याने फरशीवरची वाळू इकडून तिकडे सारत होता. परमुलखात माणूस एकटा पडला की काय काय करतो हे मी अकरा वर्षं बघत होतो. कुणी पितो, कुणी नुसता भिंतीकडे बघत बसतो. शिव्या गिळल्या, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"तुला बसताच येत नाही. दाखव मला काय आहे ते."

याचं कारण असं की आमच्या वाडीत गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती चालते, आणि तिथे माझ्यासमोर बसायला लोक कचरायचे. तीन पत्ती ती तीन पत्ती, पोकर ते पोकर, हे मला कुठे माहीत होतं.

ड्रायव्हर पलीकडून म्हणाला, "घ्या! एक बुडतोय, आणि त्याला काढायला दुसऱ्याने उडी मारली. दुसऱ्याला पोहता येतं का ते विचारा कुणीतरी."

मी पाकिटातून शंभर दिरहमची नोट काढून ड्राफ्ट्समनच्या हातात दिली. "तुझ्या पन्नास डॉलरमधला अर्धा हिस्सा माझा. वरचे आठ-नऊ दिरहम इंटरनेटच्या टेलिफोनचे. आता हे दोघांचे पैसे झाले. माझ्याशिवाय बसायचं नाही, आणि बाहेरून एक फिल्सही आत घालायचा नाही."

त्याने नोट घेतली. मला तेवढंच हवं होतं. त्याच्या एकट्याच्या पैशाला मी कुलूप लावू शकत नव्हतो, माझ्या पैशाला लावू शकत होतो.

एक सांगून ठेवतो. तिथे जुगार म्हणजे गुन्हा. त्या कंपनीचं पान उघडायला गेलं की बंद केल्याची पाटी यायची. पण कुणीतरी सीडीवर प्रोग्राम आणून दिला होता, तो चालायचा. पकडले गेलो असतो तर नोकरी खलास आणि सरळ घरी. आम्ही दार आतून लावून बसायचो, यात काय ते आलं. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

शुक्रवारी सकाळचा चहा झाला की बसायचं आणि ड्रायव्हर जुम्म्याची नमाज पढून आला की उठायचं, असं ठरलं. माउस त्याच्या हातात, जीभ माझी. खेळ त्याने मला पाच मिनिटांत समजावला. प्रत्येकाला दोन पत्ते. मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे, आधी तीन एकदम, मग एक, मग एक. आपले दोन आणि मधले पाच यांतून चांगले पाच जमवायचे. इंग्रजी वाचता येण्याची गरज नव्हती. राजा-राणी कुठल्याही भाषेत राजा-राणीच.

पहिल्या शुक्रवारी असं झालं.

"काका, सत्ती-दुर्री आलीय. टाकू?"

"टाकू म्हणजे? चाल कर."

"समोरच्याने वाढवलंय."

"वाढवू दे. बघू तरी त्याच्याकडे काय आहे."

"बघायला पैसे पडतात काका."

"पडू देत. न बघता उठायचं? बायका आहोत का आपण?"

आमच्या वाडीत जो सारखा पॅक करतो, म्हणजे पत्ते टाकून उठतो, त्याची वर्षभर टर उडवतात. पुढच्या गणपतीपर्यंत त्याला पॅकवाला म्हणून हाक मारतात. हरला तरी शेवटपर्यंत बसला, शो मागितला, तो गडी. तीन पत्तीत डाव छोटा असतो, सगळे ओळखीचे असतात, आणि हरलेले पैसे वाडीतच राहतात. इथे समोर नऊ परके बसलेले, त्यांना माझ्या गडीपणाचं काय? एक वाजेपर्यंत पन्नासातले अठरा डॉलर गेले. सहासष्ट दिरहम, आठशे रुपये.

ड्रायव्हर मटणाची पिशवी घेऊन आला. "काय मिस्त्रीसाहेब, किती मजले चढवलेत?"

"तळघर खणतायत," ड्राफ्ट्समन म्हणाला. सहासष्ट दिरहम गेलेले असताना तो हसला, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

जेवण झाल्यावर त्याने मला सांगितलं की दहा डावांतले नऊ मी खेळलो होतो, आणि खेळण्यासारखे त्यातले दोन होते. मी म्हटलं, तुझा हिशोब चुकतोय. आठवडाभर मी हेच म्हणत राहिलो. बुधवारी साईटवर वाळूचा ट्रक आला. मूठभर वाळू घेऊन चोळली तर हाताला माती लागली. ट्रक परत पाठवला. ट्रकवाला विनवत होता, "हबीबी, थोडीशी माती आहे, चालतं." मी म्हटलं, यल्ला, घेऊन जा. अशा वाळूचा गिलावा महिन्याने पोपडे धरतो. दुपारी डबा खाताना लक्षात आलं, वाईट वाळू परत पाठवताना मला कधी लाज वाटली नाही. उलट तोराच वाटतो. मग वाईट पत्ते परत पाठवताना आपण वाडीतल्या लोकांना का घाबरतो? वाडी समुद्रापलीकडे आहे.

हे मी ड्राफ्ट्समनला सांगितलं नाही. शुक्रवारी बसल्यावर नुसतं म्हटलं, "पॅक." तो चमकून बघायला लागला. पुढच्या डावाला पुन्हा "पॅक." असं सलग सहा वेळा म्हटल्यावर तो म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?"

दुसरी गोष्ट पैशाची. तो खेळायला वेगळ्या काढलेल्या पैशांना बँकरोल म्हणायचा. शब्द मोठा, पण ते सांभाळायचे कसे हे त्याला ठाऊक नव्हतं. होते तेवढे घेऊन बसायचा. उन्हाळ्यात दुबईत माल कालवायचा तर एक घमेलं लागेल तेवढाच कालवतात. पोतंभर कालवला तर निम्मा हातात घ्यायच्या आधीच आळतो, मग तो फोडून टाकायचा. बत्तीस डॉलर उरले होते. मी म्हटलं, टेबलावर एका वेळी दोनच न्यायचे. ते गेले तर आणखी दोन. तेही गेले तर शेवटचे दोन. तिसरे गेले की कॉम्प्युटर बंद, मग पुढच्या डावाला दोन एक्के येणार असले तरी. आणि टेबल सगळ्यात लहान, जिथे पाच-दहा सेंटने सुरुवात होते. लोक तिथे नुसतं शिकायला येतात, असं तो नाक मुरडून म्हणाला.

"मग आपण काय शिकवायला आलोय?"

शिवाय टेलिफोनचा तासाला दिरहम-दीड दिरहम पडायचा. मी तो खेळाच्या कमाईतून वजा करायला लावला. तो हसायला लागला. "काका, असं जगात कुणी धरत नाही."

"म्हणून जग बुडतं."

एका शुक्रवारी आम्ही चाळीस सेंट जिंकलो आणि टेलिफोनचे चार दिरहम झाले. मी त्याला तो तोटा म्हणून लिहायला लावलं. तेव्हापासून तो रेंगाळत बसेनासा झाला. पत्ते चांगले येत नसतील तर स्वतःच म्हणायचा, "उठू या काका, मीटर चालू आहे."

बत्तीसचे सत्तावीस झाले, मग तीस, मग पस्तीस. मध्ये एका शुक्रवारी अर्ध्या तासात तीनही वेळचे दोन-दोन गेले आणि आम्ही मुकाट्याने कॉम्प्युटर बंद करून कपडे धुतले. हळूहळू अकरा शुक्रवारांत एकाहत्तर डॉलर झाले. त्यातून कुणी श्रीमंत होत नाही. पण एकटा असताना त्याने त्या यंत्राला हात लावला नाही, याचा मला डॉलरपेक्षा आनंद होता. दर पगाराला तो कार्डाचे थोडे थोडे भरत होता. फोनवरचं "बघू" गेलं आणि तारखा आल्या. ते कुटुंब एक तारखेला गावी निघणार होतं. देरातल्या ट्रॅव्हल एजंटाने सांगितलं होतं, शनिवारी-रविवारी पैसे आणून द्या, म्हणजे व्हिसा वेळेत होईल. दोन हजारांचं पाकीट तयारच होतं.

आता बारावा शुक्रवार.

आमच्या छोट्या टेबलावर एक जण येऊन बसला. कुठला कोण जाणे. प्रत्येक डावाला वाढवायचा. आम्ही पॅक केलं की आपले पत्ते उलटे करून दाखवायचा, तिर्री-अठ्ठी, पंजी-दुर्री. कचरा. कचऱ्यावर आम्हाला उठवलं हे दाखवायला. तीन पत्तीत असं कुणी केलं तर मारामारी होते. शिवाय खाली एका चौकोनात तो काहीतरी लिहीत होता.

"काय लिहितोय?"

"काही नाही."

"वाच."

"म्हणतोय, आजी, तू स्वेटर विण."

"कोण आजी?"

"आपण, काका. सारखं पॅक करतो म्हणून." तो अगदी शांत होता. "चांगलं आहे ते. असाच उधळत राहिला तर आपल्याला एकदा बरे पत्ते आले की सगळं इथेच ठेवून जाईल."

शहाणा झाला होता. मी शिकवलेलं त्याने घेतलं होतं. माझ्याजवळच ते उरलं नव्हतं. कान तापले होते माझे. मग तो माणूस उठला आणि जाताना पुन्हा लिहिलं. ड्राफ्ट्समनने न विचारता वाचलं, कारण मी त्याच्याकडे बघतच होतो. "म्हणतोय, मी डॉलरच्या टेबलावर आहे. आजीकडे पैसे असले तर ये म्हणावं."

"जा तिथे."

"तिथे दोन डॉलर घेऊन बसता येत नाही."

"सगळे घे."

"काका, नियम."

"नियम कुणी केला? मी केला. मीच सांगतोय, सगळे घे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या बरोबरीचा कुणी असता तर त्याने गप्प बस म्हटलं असतं. पण ज्याला काका म्हटलं त्याने दोनदा सांगितल्यावर तिसऱ्यांदा नाही म्हणायची आमच्याकडे सोय नसते. त्याने एकाहत्तरच्या एकाहत्तर डॉलर घेऊन क्लिक केलं.

पहिल्याच डावाला आम्हाला आली राणी आणि दश्शी, रंग वेगवेगळे. त्या माणसाने वाढवलं. मी म्हटलं, "सगळे लाव."

"काका, राणी-दश्शी आहे."

"लाव म्हणतो ना."

त्याने लावले. तो माणूस क्षणभरही थांबला नाही, त्याने तेवढे लावले आणि पत्ते उघडले. दोन एक्के. ड्राफ्ट्समनने डोळे मिटले. मधले तीन पडले: दश्शी, सत्ती, चव्वी. मग दुर्री. अकरा शुक्रवार माझ्या डोळ्यांसमोरून जात होते. शेवटचा पत्ता पडला, दश्शी. तीन दश्श्या. त्याचे दोन एक्के पडले.

मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली एवढ्याने ओरडलो. ड्राफ्ट्समनने मला मिठी मारली. खात्यात एकशे त्रेचाळीस डॉलर. सव्वापाचशे दिरहम, सहा हजार तीनशे रुपये. त्या माणसाने चौकोनात एवढंच लिहिलं की छान डाव, आणि निघून गेला. नंतर कधीतरी माझ्या मनात आलं, त्याच्याही खोलीत कुणी मान खाली घालून बसलं असेल का. तेव्हा नाही आलं.

ड्राफ्ट्समन खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. "अकरा शुक्रवार काका! अकरा शुक्रवारांत एकवीस डॉलर. आणि आता एका मिनिटात बहात्तर!" त्याने बॅग ओढली, पाकीट बाहेर काढलं. "उद्या सकाळी बँक उघडली की हे दोन हजार कार्डात भरतो. कार्ड मोकळं झालं की पाचशे डॉलर टाकू. तुम्ही बसा माझ्याबरोबर. असं बसलं पाहिजे, छातीने."

"आणि ती?"

"पुढच्या महिन्यात आणू."

"पुढच्या महिन्यात खोली कुठली?"

"जिंकलो तर हॉटेल घेऊ की."

"नियम काय आहे आपला? बाहेरून काही आत घालायचं नाही."

"नियम तुम्हीच मोडलात काका. आणि बघा काय झालं." तो उद्धटपणे बोलला नाही. अगदी कौतुकाने बोलला. मी उठून भाताचं आधण ठेवलं.

ड्रायव्हर मशिदीतून आला. ड्राफ्ट्समनने त्याला सगळं रंगवून सांगितलं, पाचशे डॉलरच्या बेतासकट. ड्रायव्हर कांदा चिरत ऐकत होता. मग सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. "मिस्त्री, आता बोला की."

मी म्हटलं, "मिठाचा डबा कुठाय?"

हरलो असतो तर सोपं होतं. एकाहत्तर डॉलर गेले असते, मी दोन दिवस तोंड पाडून बसलो असतो, आणि त्याचं पाकीट बॅगेत राहिलं असतं. जिंकून मी त्याला हे शिकवलं होतं की दहा आठवड्यांची शिस्त म्हणजे भित्रेपणा. आता त्याला आवरायचं तर एकच गोष्ट बोलायची होती, की मी चुकलो. आणि ते मला येत नव्हतं. माझ्या बायकोला विचारा. तीस वर्षांच्या संसारात तिने तो शब्द माझ्या तोंडून ऐकला नव्हता. संध्याकाळी तो बायकोशी फोनवर बोलला. "थोडं पुढे ढकलू, पण मग मजेत राहू," असं म्हणाला. मग हा सारखा "हॅलो, हॅलो" करत होता. तेव्हाही मी पाठ करून पडून राहिलो.

शनिवारी पहाटे कंपनीच्या बसने कोपऱ्यावर हॉर्न दिला. मी खाली गेलो नाही. बस दोनदा हॉर्न देऊन निघून गेली. ड्रायव्हर नमाज पढून येऊन चहा टाकत होता, त्याने डोळे मोठे केले. ड्राफ्ट्समन शर्टाच्या आत पाकीट ठेवत होता.

"काका, बस गेली तुमची."

"जाऊ दे. काल मी चुकलो."

"कशात?"

"राणी-दश्शीवर सगळे लावले त्यात. समोर दोन एक्के असताना तसा डाव पाच वेळा खेळलास तर चार वेळा जातो. हे तूच मला शिकवलंस."

"पण जिंकलो ना आपण!"

"जिंकलो. चुकलो आणि जिंकलो. आणि चुकलो कशापायी, तर कुणा परक्याने मला आजी म्हटलं म्हणून."

ड्रायव्हरच्या हातातलं गाळणं हललं, चहा ओट्यावर सांडला. "या अल्ला," तो म्हणाला, "हे ऐकायला मी इतकी वर्षं या खोलीत काढली." आणि खो खो हसायला लागला. मी त्याला हसू दिलं.

ड्राफ्ट्समन हसला नाही. मी म्हटलं, "ते एकशे त्रेचाळीस आपल्या दोघांचे आहेत, गेले तर गेले. शर्टात आहेत ते तुझे आणि तिचे. तिला न विचारता ते टेबलावर न्यायचा हक्क तुला नाही, मला तर नाहीच." एवढं बोलून थांबलो. नको जाऊस असं म्हटलं नाही. आदल्या दिवशी एक हुकूम करून झाला होता. "बँकेत जायचं तर जा. मी येतो बरोबर."

आम्ही बसने देरापर्यंत गेलो. बँक आठला उघडली. तो दारासमोर फुटपाथवर उभा राहिला, लोक त्याच्या बाजूने आत जात होते. मी दोन हात मागे होतो.

"काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी काय करतो ते काल बघितलंस. मला विचारू नकोस."

तेव्हा त्याला हसू आलं, आणि हसताना डोळे पुसावे लागले. मग विचारलं, "एजंटाचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

"नऊला."

आम्ही कोपऱ्यावर कडक चहा घेतला, त्याचे पैसे मी दिले. नऊ वाजता एजंटाच्या काउंटरवर त्याने पाकीट उघडून ठेवलं आणि पावती घेऊन तिथूनच बायकोला फोन लावला. तो फोन मी ऐकला नाही, मी रस्त्यावर आलो.

बस पकडून अकराला साईटवर पोचलो. टाइमकीपर म्हणाला, "मिस्त्री, अर्धा दिवस कापावा लागेल. काय लिहू, आजारी होतात?"

मी म्हटलं, "आजारी नव्हतो. उशिरा आलो असं लिही." आणि कपडे बदलून कामाला लागलो.